माल गेटवर येण्याआधी

आमच्या ऑफिसात नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी त्यांना कायदा वाचायला देत नाही. त्यांच्यापुढे कस्टम्स टॅरिफ ठेवते आणि सांगते, तुमच्या घरातल्या वस्तू यात शोधा. आमसूल शोधा, पोळपाट-लाटणं शोधा, देवघरातली समई शोधा. पापड लगेच सापडतो, कारण आपल्या टॅरिफमध्ये पापडाला स्वतःची ओळ आहे, १९०५ ९० ४०. आमसुलापाशी मात्र गाडी अडते. त्याला वाळवलेलं फळ म्हणायचं, मसाल्याचा पदार्थ म्हणायचं, की आणखी काही? संध्याकाळपर्यंत पोरं वाद घालत बसतात आणि मला नेमकं तेच हवं असतं. आयात-निर्यातीचा कायदा समजायचा असेल तर आधी हातातल्या वस्तूकडे नीट बघता आलं पाहिजे. हे मला न्हावा शेवाच्या शेडमध्ये उभं राहून कळलं.

मी मूळची श्रीवर्धनची. बी.कॉम. करून मुंबईत मावशीकडे आले आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये, न्यू कस्टम हाउसजवळच्या एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम हाउस एजंटच्या, ऑफिसात टायपिंगला लागले. या धंद्यात माणसाला आधी 'एच' कार्ड मिळतं, परीक्षा दिली की 'जी' कार्ड आणि लायसन्सची लेखी-तोंडी परीक्षा पार पडली की 'एफ'. तिन्ही पायऱ्या मी एकेक करून चढले. मुंबई बंदरातलं कंटेनरचं काम खाडीपलीकडे सरकत गेलं तशी मीही उरणला राहायला आले. २६ मे १९८९ला सुरू झालेलं न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. याच परिसरातल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईला गोळ्या झेलल्या. बंदरात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला वाटतं, म्हणून नव्या मुलांना मी तेही सांगते.

कायद्याची मांडणी तशी अवघड नाही. माल सीमेवर आला की कोण तपासेल, कधी सोडेल, कधी जप्त करेल, हे १९६२चा कस्टम्स कायदा सांगतो. त्याच्या आधी इंग्रजांचा १८७८चा सी कस्टम्स कायदा होता. कुठल्या वस्तूवर किती ड्यूटी, हे १९७५च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यात आहे. आणि ती वस्तू मुळात आणता किंवा पाठवता येते का, हे १९९२चा परकीय व्यापार कायदा आणि त्याखालचं धोरण ठरवतं. ते काम डीजीएफटीचं (परकीय व्यापार महासंचालनालयाचं), म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचं. ड्यूटीचं काम अर्थ मंत्रालयाचं. बाहेरच्या माणसाला हे सगळं मिळून एकच 'कस्टम्स' वाटतं, कारण गेटवर त्याला भेटतो तो कस्टम्सचा अधिकारी. पण हा अधिकारी इतर अनेकांचे कायदेही राबवत असतो. बियाणं असेल तर प्लांट क्वारंटाइनचं पत्र लागतं, खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयचं, औषध असेल तर ड्रग कंट्रोलरचं. ड्यूटीचं चलन भरलं की माल सुटला, असं समजून ट्रक घेऊन गेटवर उभे राहिलेले शेठ मी कितीतरी पाहिलेत. पैसे भरणं हा त्यातला एक भाग झाला. 'आउट ऑफ चार्ज' मिळेपर्यंत माल सरकारच्या ताब्यातच असतो.

आमचे थोरले साहेब लायसन्सराजच्या काळातले. तेव्हा प्रश्न एकच असायचा, परवाना आहे का? १९९५मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. आपण आयातीवरच्या संख्येच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने उठवत गेलो आणि १ एप्रिल २००१ला शेवटचा टप्पा संपला. त्यानंतर देशातल्या पिकाला, देशातल्या कारखान्याला सांभाळायचं तर सरकारच्या हातात मुख्यतः ड्यूटी उरली आणि काही वस्तूंसाठी किमान आयात किंमत. त्यामुळे वस्तूचं नाव काय, या प्रश्नाला आधी कधी नव्हतं इतकं वजन आलं. परवान्याच्या कागदावर पूर्वी जे ठरायचं, ते आता टॅरिफच्या ओळीत ठरतं.

सुपारीचं उदाहरण घेते, कारण ती मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे श्रीवर्धनला रोठा सुपारी होते. आजीच्या अंगणात सोललेली सुपारी वाळत पडायची आणि आम्हा मुलींना राखण बसवायचे. टॅरिफमध्ये सुपारी आठव्या प्रकरणात आहे, फळं आणि सुक्या मेव्याबरोबर, ०८०२ ८०. तिच्यावर १०० टक्के मूळ ड्यूटी आहे. शिवाय फेब्रुवारी २०२३पासून किलोमागे ३५१ रुपयांपेक्षा कमी किमतीची सुपारी आणायला बंदी आहे. आधी ही मर्यादा २५१ रुपये होती. पण सुपारी 'तयार केलेली' असेल तर ती वेगळ्या प्रकरणात जाऊ शकते. एकविसाव्या प्रकरणाच्या आपल्या पूरक टिपेत 'सुपारी' नावाच्या पदार्थाची व्याख्याच दिली आहे: चुना, कात आणि तंबाखू यांतलं काहीही नसलेला, सुपारी असलेला पदार्थ, मग त्यात वेलची, खोबरं किंवा मेंथॉल असो वा नसो. भाजलेली असेल तर विसावं प्रकरण पुढे येतं. प्रत्येक प्रकरणाची ड्यूटी वेगळी, अटी वेगळ्या. ओळ बदलली की हिशेब लाखांनी फिरतो.

एकदा द्रोणागिरीच्या एका कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये असा माल तपासणीला लागला होता. इनव्हॉइसवर लिहिलं होतं, भाजलेली सुपारी. सील कापलं, दारं उघडली, तागाच्या गोणी खाली उतरल्या. अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या थरांतल्या गोणी बाजूला काढायला सांगितल्या. पुढच्या थरातली सुपारी गडद होती, हातावर घेतली की काजळीसारखं काहीतरी बोटाला लागत होतं. मागच्या थरातली फिकट निघाली. शेडमधल्या एका माथाडी कामगाराकडे अडकित्ता होता. अधिकाऱ्यांनी तो मागून घेतला आणि एक सुपारी माझ्यासमोर कातरली. आत पांढऱ्या-तपकिरी रेघांची नक्षी जशीच्या तशी, आणि कातरताना अडकित्त्याला दम लागला. दुसऱ्या गोणीतली कातरली तर ती कडकन तुटली, आतपर्यंत एकसारखी तपकिरी. ते म्हणाले, "ताई, तुम्ही कोकणातल्या. तुम्हीच सांगा, ही भाजलीय का?" मी सांगितलं, "साहेब, ही दुसरी भाजलेली वाटते. पहिली वाळवलेली वाटते. पण माझ्या वाटण्याने होणार नाही, सॅम्पल लॅबला जाऊ दे." दोन्हीची वेगवेगळी सॅम्पलं सील झाली आणि लॅबला गेली. इम्पोर्टर माझ्यावर चिडला. त्याला मी एवढंच सांगितलं की पंचनाम्यात दोन थर वेगळे नोंदले जाणं त्याच्याच हिताचं आहे. एकच सरमिसळ सॅम्पल गेलं असतं तर खरोखर भाजलेल्या गोणीही बाकीच्यांबरोबर अडकल्या असत्या.

वाळवणं कुठे संपतं आणि भाजणं कुठे सुरू होतं, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. आठव्या प्रकरणाची टीप म्हणते की टिकण्यासाठी सौम्य उष्णता दिली, रंग-रूप राहावं म्हणून थोडं तेल लावलं, तरी वस्तूचा सुक्या फळाचा मूळ स्वभाव टिकून असेल तर ती याच प्रकरणात राहते. मग किती उष्णता म्हणजे सौम्य? भाजलेली सुपारी विसाव्या प्रकरणात जाते, हे मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केलं. पुढे सरकारने भाजलेल्या सुपारीलाही किमान आयात किमतीची अट लावली. उकडलेल्या, चिकण्या सुपारीबद्दलचे निवाडे दोन्ही बाजूंनी सापडतात. खोबरेल तेलाचंही असंच. छोट्या बाटलीतलं खोबरेल खाद्यतेल की केसांचं तेल, हा वाद उत्पादन शुल्काचा, पण आधार याच नामावळीचा. तो अनेक वर्षं चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ला निकाल दिला की बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. खाद्यतेल म्हणून नियमांप्रमाणे लेबल लावून विकलं जात असेल तर ते खाद्यतेलच.

लोकांना असे वाद म्हणजे वकिलांचा शब्दखेळ वाटतो. मला तसं वाटत नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनच्या वाड्यांमधली सुपारीची झाडं आडवी झाली. नवीन रोप लावलं तर उत्पन्न यायला पाच-सात वर्षं जातात. त्या वर्षांत वाडीवाल्याला धरून ठेवणारी जी थोडी सरकारी भिंत आहे, ती या १०० टक्क्यांची. बाहेरून आलेली सुपारी खोटं नाव लावून आत शिरली तर तिचा भाव शेवटी माझ्या चुलत्यांच्या वाडीत पोचतो. म्हणून वस्तूचं नाव बरोबर लिहिणं हे मला माझं खरं काम वाटतं, मग समोरचा माझा अशील असला तरी.

किमतीबद्दल थोडक्यात. ड्यूटी ज्या किमतीवर लागते ती खरेदीदाराने खरोखर दिलेली किंवा द्यायची किंमत असावी, असं कलम १४ सांगतं. ती संशयास्पद वाटली तर २००७च्या मूल्यांकन नियमांखाली अधिकारी कारणं मागू शकतो आणि ती पटली नाहीत तर नाकारू शकतो. हिशेब नव्या मुलांना फळ्यावर करून दाखवते: एक लाखाचा माल, १० टक्के मूळ ड्यूटी म्हणजे दहा हजार, त्या ड्यूटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे एक हजार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे १,११,००० रुपयांवर, १८ टक्के आयजीएसटी म्हणजे १९,९८०. एकूण ३०,९८० रुपये. इथे सगळ्यांना गणित येतं. वाद होतो तो पहिल्या आकड्यावर.

नाव आणि किंमत नीट लिहिली तरी एक गोष्ट हातात नसते, ती म्हणजे वेळ. कायद्यातल्या ज्या दोन कलमांवर मी नव्या मुलांना सगळ्यांत जास्त थांबवते, ती १५ आणि १६. आयातीला कुठल्या दिवसाचा दर लागू होईल हे १५ सांगतं: बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा अर्ज, ज्या दिवशी दाखल झालं तो दिवस, आणि ते जहाज येण्याआधीच दाखल केलं असेल तर जहाजाला आत घेतल्याची नोंद ज्या दिवशी झाली तो दिवस. निर्यातीला १६ लागतं, आणि तिथे दिवस वेगळा आहे. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा अर्ज, कधी टाकलं हे तिथे मोजत नाहीत. अधिकाऱ्याने माल चढवायची परवानगी, म्हणजे 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर', कधी दिली हे मोजतात. आम्ही तिला एलईओ म्हणतो. वाचताना हा फरक चार शब्दांचा दिसतो.

वेळेचं महत्त्व किती असू शकतं, याचं उदाहरण पाकिस्तान सीमेवरच्या अटारीचं आहे. पुलवामाच्या हल्ल्यानंतर, १६ फेब्रुवारी २०१९ला, पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के ड्यूटी लावली गेली. अधिसूचना राजपत्राच्या संकेतस्थळावर चढली ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, त्याआधी, काही व्यापाऱ्यांची बिलं दाखल झाली होती. सरकारचं म्हणणं होतं की दिवस तोच, म्हणून दर नवा. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२०च्या निकालात ते मान्य केलं नाही. अधिसूचना लोकांना दिसू लागली त्या क्षणापासून ती लागू. त्याआधी बिल दाखल केलेल्यांवर नवा दर लादता येणार नाही. इलेक्ट्रॉनिक राजपत्राच्या जमान्यात तासा-मिनिटाला अर्थ आहे, हे त्या निकालाने पक्कं केलं. मी तो निकाल पुन्हा पुन्हा वाचला आहे. कायद्यासमोर एक व्यापारी आणि भारत सरकार दोघांनाही एकाच घड्याळाकडे बघावं लागतं, याचं मला फार समाधान वाटलं.

त्यानंतर तीन वर्षांनी तेच घड्याळ कांद्यावर आलं, आणि या वेळी कलम १६ होतं.

१९ ऑगस्ट २०२३ हा शनिवार होता. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर अधिसूचनेची पीडीएफ फिरायला लागली: कांद्यावर ४० टक्के निर्यात ड्यूटी. माझ्याकडे तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या एका छोट्या एक्सपोर्टरचे कंटेनर होते. काही जहाजावर चढायला तयार, काही अजून तपासणीच्या रांगेत. त्याचा फोन आला. "ताई, आपलं शिपिंग बिल शुक्रवारीच टाकलंय ना? मग आपण सुटलो." त्याला कलम १६ समजावून सांगणं माझ्या कामातलं सगळ्यांत जड काम होतं. ज्यांना एलईओ मिळाली होती ते कंटेनर सुटले. बाकीच्यांना नवा दर. एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये २८ टन कांदा धरा, किलोचा भाव २५ रुपये धरा. माल सात लाखांचा आणि त्यावर ड्यूटी दोन लाख ऐंशी हजार. कोलंबोच्या ग्राहकाशी भाव आधीच ठरलेला. तो काही वाढवून देणार नाही. या धंद्यात नफा किलोमागे रुपया-दोन रुपयांचा असतो. त्याने कंटेनर परत नेण्याचा विचार केला, पण परत नेणं म्हणजे पुन्हा भाडं, पुन्हा हमाली, आणि कांदा काही लोखंड नाही की पडून राहील. शेवटी त्याने काही पाठवले, काही स्थानिक बाजाराला वळवले. सोमवारपासून लासलगावला आणि नाशिक जिल्ह्यातल्या इतर बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. मग सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन कांदा घेण्याचं जाहीर केलं.

शहरातल्या माणसाला परवडणारा कांदा मिळावा, हा सरकारचा उद्देश मला मान्य आहे. कांदा महागला की माझ्याही घरात भाजी बदलते. टंचाईच्या काळात अन्नधान्याची निर्यात तात्पुरती रोखायला गॅट करारातही जागा ठेवलेली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याने माल बंदरात आणून कस्टम्सच्या हवाली केला, त्याच्यापुरता तरी व्यवहार जुन्या दराने पुरा होऊ द्यायला हवा. हे अशक्य नाही, कारण सरकारने स्वतःच ते करून दाखवलं आहे. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा, बंदीआधीच कस्टम्सच्या ताब्यात दिलेल्या आणि त्यांच्या प्रणालीत नोंद झालेल्या कांद्याला अधिसूचनेतच वाट ठेवली होती. त्याआधी मे २०२२मध्ये गव्हाच्या बंदीतही आधी उघडलेल्या पक्क्या एलसीवाल्यांना (बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट असलेल्यांना) सवलत होती. (काहींनी मागच्या तारखेच्या एलसी बनवल्या आणि डीजीएफटीला तपासणी कडक करावी लागली, हेही खरं.) बंदीत हा विचार होतो, मग ड्यूटीत का होऊ नये? कलम १६ बदलायचीही गरज नाही. अधिसूचनेत चार ओळींची सूट पुरते. बंदरात उभ्या असलेल्या मालाने देशातल्या भावात किती फरक पडणार होता? पण त्या एका माणसाच्या वर्षाचं गणित त्यावर उभं होतं.

त्या काळात नावाच्या प्रश्नानेही पुन्हा डोकं वर काढलं. सप्टेंबर २०२३मध्ये बंगळुरूच्या गुलाबी कांद्याला, 'बँगलोर रोज'ला, ड्यूटीतून सूट मिळाली. अट अशी की कर्नाटकच्या फलोत्पादन आयुक्तांनी माल तोच असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. एप्रिल २०२४मध्ये, बंदी चालू असताना, गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची परवानगी मिळाली, तीही तिथल्या फलोत्पादन आयुक्तांच्या प्रमाणपत्रावर. आपल्याकडे त्यावरून किती गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. नाशिकचे शेतकरी मला विचारत, आमच्या कांद्याला वेगळं नाव का नाही? हा प्रश्न राजकारणाचा आहे तसाच टॅरिफचाही आहे. ज्या मालाची ओळख कागदावर स्वतंत्रपणे सिद्ध करता येते, त्याला सूट देणं सरकारला सोपं जातं. ४ मे २०२४ला बंदी उठली, टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के ड्यूटी राहिली. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली आणि ड्यूटी २० टक्क्यांवर आली. १ एप्रिल २०२५पासून ड्यूटीही गेली. दोन वर्षांपेक्षा कमी काळात एकाच पिकाचे इतके नियम पाळत मी शिपिंग बिलं टाकली.

आयातीचं काम आता पुष्कळ बदललं आहे. २०११पासून ड्यूटी आपली आपणच ठरवून भरायची, अधिकारी नंतर तपासेल. ३१ ऑक्टोबर २०२०पासून देशभर फेसलेस असेसमेंट आहे. न्हावा शेवाला उतरलेल्या मशीनचं बिल चेन्नईतला अधिकारी बघू शकतो. पूर्वी शंका आली की कॅटलॉग काखेत मारून अप्रेझर साहेबांच्या टेबलाशी जायचं, वस्तू कशी चालते हे हातवारे करून सांगायचं. आता ई-संचित या ऑनलाइन प्रणालीवर कागद चढवायचे आणि वर्णनाच्या चौकटीत जे लिहाल तेच तुमचं तोंड. बायकांसाठी हा बदल चांगला झाला, हे मी मोकळेपणाने सांगते. कस्टम हाउसच्या मजल्यांवर तासन्‌तास ताटकळणं त्यामुळे गेलं. पण लिहिण्याची जबाबदारी वाढली. 'स्टीलचे भाग' असं लिहिलं की क्वेरी आलीच समजा. कशाचे भाग, कुठल्या यंत्रात बसतात, फक्त त्यातच बसतात की कुठेही, साच्यातून काढलेले की कापलेले, हे सगळं दोन ओळींत बसवता आलं पाहिजे. आमच्या मुलांना मी सांगते, ज्याने ही वस्तू आयुष्यात पाहिली नाही अशा हुशार माणसाला ती डोळ्यांसमोर दिसेल असं लिहा. आणि खरं लिहा. बिल सुटलं म्हणजे विषय मिटला असं नाही. कमी भरलेल्या ड्यूटीची नोटीस दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, आणि माहिती लपवली असा आरोप असेल तर पाच.

अलीकडे माझ्याकडे वेगळी माणसं यायला लागली आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. माल बंदरात अडकल्यावर येणारे पुष्कळ पाहिले. हे आधी येतात. दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे तिघं जण आले होते, त्यात नुकतीच कृषी पदवी घेतलेली एक मुलगी. बंदीच्या काळात पोळलेली ही माणसं. त्यांना कांदा वाळवण्याचं युनिट टाकायचं होतं आणि बँकेकडे प्रस्ताव द्यायच्या आधी विचारायचं होतं. मुलीने पिशवीतून चार पुड्या काढून टेबलावर मांडल्या: वाळवलेले काप, पावडर, तेलात तळलेला कांदा, आणि मीठ-मिरची घातलेली पावडर.

आम्ही टॅरिफ उघडलं. ताजा कांदा ०७०३ १०. ड्यूटी आणि बंदी आली ती याच ओळीवर. वाळवलेला कांदा, अख्खा, कापलेला, फोडलेला किंवा पूड केलेला, पण 'पुढे आणखी तयार न केलेला', तो ०७१२ २०. बंदीचा फटका या ओळीला बसला नव्हता. गुजरातमधल्या महुव्याची वाळवणीची केंद्रं याच ओळीवर चालतात. तळलेला कांदा सातवं प्रकरण सोडून विसाव्यात जातो. मीठ-मिरचीची पावडर मसाला मिश्रण ठरून २१०३कडे झुकते. चारही पुड्या एकाच शेतातल्या कांद्याच्या, पण चौघींचे रस्ते निराळे, आणि ज्या देशात पाठवणार तिथलीही ड्यूटी त्याच ओळींवर ठरणार, कारण पहिले सहा अंक जगभर एकच आहेत. दुबईला पाठवायचं तर १ मे २०२२पासूनच्या करारातली सवलत मिळवायला मूळ देशाचं प्रमाणपत्र लागेल, त्यासाठी कांदा कुठून घेतला याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्या लागतील. त्या मुलीने सगळं वहीत उतरवलं.

मग तिने विचारलं, "मॅडम, पावडरचे गोळे होऊ नयेत म्हणून आम्ही एक घटक घालणार आहोत. अगदी थोडा. तरीही ती ०७१२मध्येच राहील ना?" प्रश्न अचूक होता. माझं मत असं की राहील, कारण पुडीचा स्वभाव बदलत नाही. पण 'पुढे आणखी तयार न केलेला' या शब्दांवर कुणी बोट ठेवू शकतं. मी तिला कस्टम्सच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाबद्दल सांगितलं. मुंबईचं कार्यालय बॅलार्ड इस्टेटला आहे, जानेवारी २०२१पासून काम चालतं, अर्जाची फी दहा हजार रुपये, आणि मिळालेला निर्णय अर्जदारावर आणि कस्टम्सवर दोघांवर बंधनकारक असतो. युनिटच्या खर्चापुढे दहा हजार काहीच नाहीत. वडीलधारे सभासद आधी जरा बिचकले, सरकारी दारात आपण होऊन कशाला जायचं म्हणून. मुलीनेच त्यांना समजावलं.

मशीनची ऑर्डर त्यांनी सध्या थांबवली आहे. घटकाचं प्रमाण, वाळवण्याचं तापमान, पुडीतला ओलावा, हे सगळं लॅबमधून लिहून आणायला मी सांगितलं होतं. ते कागद परवा आले. अर्जाचा मसुदा आता आमच्या टेबलावर आहे, आणि वर्णनाचा पहिला परिच्छेद ती मुलगी स्वतः लिहिते आहे.